हात उचलू नकोस, नाव लिहून घे

लोणावळ्यातल्या जुन्या घरांना दार असायचं ते मुख्यतः पावसासाठी. जून लागला की लाकूड फुगायचं, दार उंबऱ्याला घासायचं आणि पुरतं लावायचं म्हटलं तर दोघांना खांदा द्यावा लागायचा. त्यामुळे चार महिने ते दिवसभर नुसतं लोटलेलं असे. रात्री आतून आडणा सरकवला की झालं. येणारा माणूस अंगणातूनच खाकरायचा, "आहे का कोणी घरात?" म्हणायचा आणि मग ओटीवर टेकायचा. पोस्टमन, गवळी, घरपट्टीची पावती घेऊन येणारा नगरपालिकेचा शिपाई, सगळ्यांची वाट ओटीपर्यंतच. पुढे माजघर, तिथं बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही रीत लहान मुलांनासुद्धा ठाऊक होती. कधीमधी पोलीस जमादार आले, तर तेही ओटीवरच बसत, तांब्याभर पाणी पीत आणि मग कामाचं बोलत.

आज वलवण, तुंगार्ली भागात हिंडताना ती ओटी शोधावी लागते. जुन्या वाड्यांच्या जागी बंगले आले आहेत, बंगल्यांना लोखंडी फाटकं आहेत, फाटकावर कॅमेरे आहेत. मालक मुंबईत, बंगला शनिवार-रविवारसाठी भाड्यानं, किल्ली केअरटेकरकडे. आत कोण उतरलंय हे शेजाऱ्याला ठाऊक नसतं. एखाद्या बंगल्यावर पोलिसांचा छापा पडल्याची बातमी आपण सोमवारच्या पेपरात वाचतो आणि पान उलटतो. पण प्रश्न छाप्यापुरता नाही. सरकारी माणूस कायद्यानं घालून दिलेली पायरी ओलांडून घरात शिरला, तर घरातल्यांनी काय करायचं? त्याला अडवता येतं का? त्याच्यावर हात उचलता येतो का? ओटी होती तेव्हाही हा प्रश्न होताच, आणि त्याचं उत्तर मी कायद्याच्या पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं.

साठच्या दशकातली गोष्ट. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा तेव्हा जोरात होता आणि मावळातल्या ओढ्याकाठी हातभट्ट्याही तितक्याच जोरात होत्या. हातभट्टीला गूळ लागतो, आणि आमच्या घरी गुळाच्या ढेपी रचलेल्या असायच्या, कारण बाजारातल्या एका दुकानाला आम्ही चिक्की करून द्यायचो. कोणीतरी टीप दिली असणार. एका दुपारी जमादार आणि दोन शिपाई आले. जमादार ओटीवर थांबले, पण त्यांच्यातला एक तरणा शिपाई बुटांसकट सरळ माजघरात गेला. आत आत्या एकटी शेंगदाणे पाखडत बसली होती. ती दचकून उठली, सूप हातातून निसटलं आणि दाणे जमिनीभर पांगले. माझा धाकटा काका परसातून धावत आला. दाराआडचा आडणा त्यानं उचलला, खांद्याच्या वर नेला.

आजोबांनी त्याचं मनगट धरलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "हात उचलू नकोस. नाव लिहून घे."

मग जमादारांकडे वळून म्हणाले, "जमादारसाहेब, झडती घ्या, आमचं काही दडलेलं नाही. पण आधी पंच बोलवा, बायकांना परसात जाऊ द्या आणि तुमच्या या माणसाला बाहेर घ्या." जमादारांनी शिपायाला बाहेर बोलावलं. शेजारचे दोघे पंच म्हणून आले. कॉपिंग पेन्सिलीनं, खाली कार्बन घालून पंचनामा लिहिला गेला. ढेपी मोजल्या, भांडी हुंगली, आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य उतरलं : काही एक मिळून आले नाही. आजोबांनी घरखर्चाच्या वहीत तिघांची नावं, वेळ आणि घडलं ते सारं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडला. अर्जाला उत्तर आलं नाही. पण त्या रात्री काका आमच्या पंगतीत जेवायला होता, कोठडीत नव्हता.

पुढे मी कायदा वाचला तेव्हा आजोबांचं एक वाक्य किती अचूक होतं ते कळलं. १८६०च्या भारतीय दंड संहितेनं माणसाला स्वतःच्या शरीराचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क दिला होता, आणि तो मोठा हक्क होता. रात्री घर फोडून शिरणाऱ्या चोराच्या बाबतीत तर तो त्याचा जीव घेण्यापर्यंत जात असे. पण कलम ९९ ही त्या हक्काची वेस होती. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्यानं, सद्भावनेनं काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण होत नसेल, तर त्याचं कृत्य कायद्याच्या काटेकोर कसोटीला उतरत नसलं तरी त्याच्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा ९९चा ३७ झाला, आशय तोच राहिला. म्हणजे वॉरंटमध्ये चूक आहे, कारणं लिहिलेली नाहीत, पंच आणलेले नाहीत, एवढ्यावर काठी उचलता येत नाही. मद्रास हायकोर्टानं १८९६ साली पुकोट कोटूच्या खटल्यात हेच धरलं होतं. चोरीच्या मालासाठी पोलीस वॉरंटशिवाय घर झडायला गेले, घरच्यानं विरोध केला. पोलिसांचं वागणं पुरतं कायदेशीर नसलं, तरी ते सद्भावनेनं आले नव्हते असं दिसत नाही, म्हणून विरोधाचं समर्थन होत नाही, असं कोर्ट म्हणालं.

काकानं तो आडणा घातला असता तर पंचनाम्यातलं 'काही एक मिळून आले नाही' कुठल्या कुठे गेलं असतं. उरला असता तो सरकारी नोकरावर हल्ला. ज्याला आपण आजही बोलताना नुसतं 'तीनशे त्रेपन्न' म्हणतो, ते कलम आता न्याय संहितेत १३२ झालं आहे. घरात शिरण्याची चूक शिपायाची होती, पण आरोपी काका झाला असता.

ही तडजोड कायद्यानं का केली असावी, हे मला आता समजतं. दारात उभ्या असलेल्या माणसाचा कागद खरा की खोटा, याचा निवाडा उंबऱ्यावर, रागाच्या भरात, हाती काठी असताना करायचा म्हटलं तर दर छाप्याला एखादं प्रेत पडेल, आणि ते बहुतेक वेळा घरच्याचंच असेल. म्हणून कायदा म्हणतो : दारात जीव वाचव, न्याय कोर्टात माग. मला हे मान्य आहे. पण ही तडजोड एका अटीवर उभी आहे. घरच्यानं हात आवरायचा, तर येणाऱ्यानं रीत पाळायची.

आणि इथं जुन्या दिवसांविषयी खरं बोललं पाहिजे. जमादारानं ओटीवर थांबायचं, ही रीत ज्यांना ओटी होती त्यांच्यासाठी होती. मावळातल्या कातकरी वाडीवर ओटी नव्हती. कुडाची झोपडी, एक खण, आणि चोरी कुठंही झाली तरी पहिला संशय तिथं. ज्यांना इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' ठरवलं होतं, त्यांच्या घराला तर दार असून नसल्यासारखं होतं. १८७१पासून चालत आलेला तो कायदा स्वतंत्र भारतानं १९५२ साली रद्द केला. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून आजही पाळतात. पण पोलिसांची सवय कायद्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलंय, त्यांना वेळी-अवेळी घरात घुसणारे पोलीस आणि घरातल्या बायकापोरांचे हाल वेगळे सांगायला नकोत. आमच्या ओटीवरची आठवण गोड आहे. पण तो गोडवा गावातल्या प्रत्येक घराच्या वाट्याला आला, असं म्हणणं खोटं ठरेल.

त्याही मागे गेलं तर मराठी माणसाच्या मनात घरझडतीची सर्वांत खोल जखम आहे ती १८९७ची. पुण्यात प्लेग पसरला, त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीनं गोऱ्या सोजिरांकडून घरं झडायला सुरुवात केली. सैनिक देवघरात शिरले, स्वयंपाकघरात शिरले, माणसं उचलून छावणीत नेली, सामान जाळलं. त्या कायद्यातही एक छोटंसं कलम होतं : सद्भावनेनं केलेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही. पुण्याच्या गाऱ्हाण्यांना कोणी दाद दिली नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. तीन भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची सजा झाली. कायद्याच्या भाषेत ते स्वसंरक्षण नव्हतं, ठरवून घेतलेला सूड होता. तरी त्यातून राज्यकर्त्यांनी घ्यायचा धडा स्पष्ट आहे. उंबरा ओलांडणाऱ्याला कायद्यानं अभय द्यायचं आणि घरच्याला दाद मागायला जागाच ठेवायची नाही, असं झालं की माणसं कोर्टाऐवजी खिंडीची वाट धरतात.

'सद्भावना' या शब्दाला हद्द आहे, हे आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणानं सांगितलं. १३ नोव्हेंबर १९६५, भिवंडी. गावचा पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका झोपडीत शिरला, तिथल्या बाईकडे त्यानं शरीरसुखाची मागणी केली आणि तिनं नकार दिल्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला. ती झगडली, ओरडली. नवरा आणि शेजारी धावून आले. निरीक्षकाचं म्हणणं, आपण दारूबंदीच्या छाप्यासाठी गेलो होतो. चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. मुंबई हायकोर्टानं बडतर्फी रद्द केली, बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवून तिच्या शब्दावर विसंबता येत नाही असं म्हटलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९०च्या ऑक्टोबरात 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर' या निकालानं बडतर्फी कायम केली. बाईचं चारित्र्य कसंही असो, तिला खासगीपणा आहे, तिच्या इच्छेविरुद्ध कोणी अंगाला हात घालू पाहत असेल तर तिला स्वतःचा बचाव करण्याचा हक्क आहे आणि कायद्याचं संरक्षणही इतरांइतकंच आहे, असं कोर्टानं ठणकावलं. पंचवीस वर्षं लागली. पण रेष आखली गेली. छाप्याचं नाव सांगून शरीरावर झडप घालणाऱ्याला गणवेश वाचवत नाही. तिथं सद्भावना नसते, म्हणून तिथं कलम ९९ची वेसही नसते. जिवाची किंवा जबर दुखापतीची खरी भीती उभी राहिली, तरीही हक्क परत जागा होतो, मग समोर कोणीही असो. मात्र बचाव गरजेपुरताच हवा. हल्ला थांबल्यावर घातलेला घाव बचावात मोडत नाही.

घराच्या बाजूनंही कायदा हळूहळू सरकत आला आहे. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग या माणसाच्या दारावर पोलीस रात्रीअपरात्री थाप मारून त्याला उठवायचे. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं अशा रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या आणि माणसाचं घर हा त्याचा किल्ला, या जुन्या इंग्रजी तत्त्वाचा आधार घेतला. त्याच सुमारास, एका पोस्टमनच्या घरझडतीच्या प्रकरणात, राधा किशन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, त्याच कोर्टानं म्हटलं की झडतीचे नियम मोडले असतील तर घरच्याला झडतीला विरोध करता येतो आणि मिळालेल्या पुराव्याकडे कोर्ट अधिक काळजीनं पाहील; मात्र तेवढ्यानं पुरावा बाद होत नाही. हा विरोध म्हणजे आडणा नव्हे, असंच कलम ९९ शेजारी ठेवून वाचलं की दिसतं. तो विरोध तोंडानं, कागदानं, साक्षीदारांनी करायचा आहे. मग २०१७मध्ये पुट्टस्वामी निकालानं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. अन् २०२४मध्ये भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५नं झडतीचं दृकश्राव्य चित्रण सक्तीचं केलं. यादी करणं, पंचांच्या सह्या, सगळं शक्यतो मोबाईलवर टिपायचं आणि विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं.

आजोबांची वही आता कायद्यानं पोलिसांच्याच हातात दिली आहे, असं मला वाटतं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पंच तर १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होते. आजही आहेत : त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी. घरच्याला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा आणि यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. बाईच्या अंगाची झडती बाईनंच, सभ्यतेचं काटेकोर भान ठेवून घ्यायची. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कारणं आधी लिहायची आणि त्यांची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटला द्यायची. अधिकार नसताना आणि वाजवी कारण नसताना घरात शिरणारा किंवा झडती घेणारा पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७नुसार स्वतः गुन्हेगार ठरतो.

पण तेव्हाच्या एका गोष्टीला आज पर्याय नाही : ओळख. तेव्हा जमादाराचा चेहरा गावाला माहीत असे. मावळातल्या गावांत पोलीसपाटील बरोबर असे. १९६७च्या कायद्यानं ते पद आजही आहे, पण बंगल्यांच्या कॉलनीत पोलीसपाटलाला कोण ओळखतं? साध्या वेशातला माणूस फाटकावर कार्ड हलवून 'पोलीस' म्हणतो आणि केअरटेकर फाटक उघडतो. १९ मार्च १९८७ला मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या दुकानात सीबीआयचा अधिकारी म्हणून आलेल्या तोतयानं भरदिवसा झडतीचं नाटक करून दागिने नेले. आता तर फाटकही लागत नाही. मोबाईलच्या पडद्यावर गणवेशातला तोतया येतो, 'डिजिटल अरेस्ट' झाल्याचं सांगतो आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवसेंदिवस स्वतःच्याच घरात कोंडतो. असली अटक आपल्या कायद्यात कुठंही नाही.

म्हणूनच ओळखपत्र मागणं हा उद्धटपणा नाही. कलम ३७च्या स्पष्टीकरणातच तसा अर्थ आहे : समोरचा लोकसेवक आहे हे घरच्याला ठाऊक नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर त्याचा बचावाचा हक्क जात नाही. वरिष्ठाच्या हुकमानं आलेल्या माणसानं आपण कोणाच्या अधिकारानं आलो ते सांगायला हवं, लेखी हुकूम असेल तर मागितल्यावर दाखवायला हवा. स्वतःची ओळख पटवून देणारा पोलीस घरच्याइतकंच स्वतःलाही जपत असतो. ओळख न देता अंधारात दार ढकलणारा दोघांचेही जीव धोक्यात घालतो.

बेकायदा शिरणाऱ्या पोलिसाला बळानं अडवावं का, या प्रश्नानं अमेरिकेत वेगळं वळण घेतलं. इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली म्हटलं, पोलीस बेकायदा शिरले तरी बळानं विरोध करण्याचा हक्क नाही. लोक खवळले आणि २०१२मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा करून बेकायदा शिरणाऱ्या सरकारी माणसाविरुद्धही वाजवी बळ वापरण्याची मुभा दिली. घराच्या अब्रूविषयीची त्यांची कळकळ मला पटते, पण तो मार्ग आपल्याकडे येऊ नये असं मला वाटतं. त्या मार्गावर ज्याच्याकडे बंदूक त्याचं दार शाबूत राहतं, आणि कातकरी वाडीवर बंदूक नसते. दुबळ्याला वाचवायचं असेल तर त्याच्या हाती हत्यार देऊन भागणार नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला जाब द्यावा लागेल, अशी व्यवस्था हवी.

ती व्यवस्था कागदावर आता बरीचशी आहे. ती वापरायला शिकणं आपलं काम आहे. घरातल्या थोरांनी मुलांना, बंगलेवाल्यांनी केअरटेकरांना हे शिकवावं. दारात अधिकारी आला तर नाव, हुद्दा, ठाणं विचारा. ओळखपत्र नीट वाचा, शंका आली तर ११२ला फोन लावून खात्री करा. कागद मागा, पंच मागा, चित्रण चालू आहे ना ते पाहा. हरकत असेल तर ती मोठ्यानं, पंचांसमोर सांगा आणि पंचनाम्यात लिहायला लावा. प्रत घ्या. हात मात्र खाली ठेवा. अंगावर, अब्रूवर किंवा जिवावर बेतलं तरच तो उचला, आणि बेतणं थांबलं की थांबवा. मग वडगावच्या कोर्टाची पायरी चढा. आणि हे सगळं आपल्या फाटकापुरतं ठेवू नका. वाडीवर झडती चालली असेल तर पंच म्हणून जाऊन उभं राहा. आमच्या ओटीला जो मान मिळाला, तो तिथल्या उंबऱ्यालाही मिळाला, तरच जुने दिवस चांगले होते असं म्हणण्याचा हक्क आपल्याला राहील.